गुणिले

प्रदर्शनात चिठ्ठ्या लिहायचं काम माझं.
तेवीस वर्षं. अक्षर बरं म्हणून.
आधी आईचं नाव, मग गुणिलेची फुली,
मग बापाचं. ऑर्किडवाल्यांची रीतच अशी :
जिच्या पोटी शेंग धरली ती आधी,
ज्याचा पराग, तो नंतर.

आदेल्मो झानोत्तीच्या पांढऱ्या कॅटलियाला
मी चिठ्ठी लिहिली तो शनिवार.
इतकं पांढरं, की माझा धुवट ब्लाउज शेजारी मळका दिसला.
समोर लिंडोल्फो क्रूगर आपली कुंडी मांडत होता :
जांभळी, पाकळ्यांच्या कडांना जाळ लागलेली.
तो जाळ इस्पीरितु सान्तुच्या साऱ्या डोंगरांत
एकाच काचघरात फुलायचा.
त्याचा पराग त्यानं सख्ख्या भावालाही दिला नव्हता.
जाता जाता माझ्या चिठ्ठीतलं एक अक्षर
त्यानं स्वतःच्या पेन्सिलीनं सुधारलं.
चुकीची चिठ्ठी त्याला बघवायची नाही.

रविवारी सकाळी आदेल्मो सापडला
मधल्या रांगेत, उताणा,
डोक्याखाली मांडणीचा लोखंडी कोपरा.
नळी गळत होती. शिपाई म्हणाला, घसरला.
मला एक कागद लिहायला लावला,
आणि मी लिहिला, त्याच बऱ्या अक्षरात :
‘फरशी ओली आहे. जपून.’

परीक्षक सोमवारी आले, तोवर पांढरं फूल मिटलं होतं.
तीन आठवडे टिकणारं फूल.
बायका म्हणाल्या, धन्यामागे गेलं हो बिचारं.
पाद्रीनं तेच प्रवचनात घेतलं.
लिंडोल्फोनं सकाळी शवपेटीला खांदा दिला
आणि संध्याकाळी पदक घेतलं, नको नको म्हणत.

झुल्मिरा रडली नाही.
फुलाच्या मागे, देठापाशी
नवऱ्याच्या फुलाला बोटानं चाचपत राहिली.
मला म्हणाली, अगदी हळू,
“फूल दुःखानं नाही गं मरत.
पोटुशी राहिलं की मरतं.”

म्हणजे रात्री कुणीतरी आलं होतं.
दात कोरायची काडी, टोकाला परागाचा पिवळा कण.
फूल पाडायचं, एवढंच मनात असेल.
आणि मागून टॉर्च घेऊन आदेल्मो.
हे मी आत्ता बोलते. तेव्हा गप्प राहिले.
पोलिसांच्या वहीत शेंगेला रकाना नसतो.

शेंग वर्षभर पिकली.
बी पिठासारखं, श्वास लागला तरी उडेल.
झुल्मिरानं ते बाटल्यांत पेरलं,
मग पेल्यांत, मग कुंड्यांत.
गोगलगायी. एक दुष्काळ. गुडघ्याचं ऑपरेशन.
चारशेतली एकोणीस जगली.
लिंडोल्फो वाटेत भेटला की टोपी काढायचा,
एकदा तर बुरशीचं औषध घरी आणून दिलं.
तेच तिनं त्या रोपांवर फवारलं.

आठव्या वर्षी पहिली कळी उमलली.
तिनं ती फडक्याखाली झाकून आणली,
तान्ह्या पोराला उन्हातून आणावं तशी,
आणि त्याच्या कुंडीसमोर ठेवून
फडकं काढलं.

गळ्यापर्यंत आईचा पांढरा.
कडांना तो जाळ.

हॉलमध्ये कुणी बोललं नाही.
सगळे ऑर्किडवालेच, सगळ्यांना वाचता येत होतं.
तिनं सांगितलं तेवढंच मी लिहिलं :
आईचं नाव. फुली. पुढे काही नाही.

लिंडोल्फो त्या कोऱ्या जागेकडे
बराच वेळ बघत राहिला.
मी त्याच्या हाताकडे. थरथरत नव्हता.
मग त्यानं चष्मा पुसला,
खिशातून पेन्सिल काढली,
आणि बापाचं नाव लिहिलं, पूर्ण,
खाली पराग लावल्याची तारीख, रीतीप्रमाणे :
सोळा नोव्हेंबर. शनिवार. रात्री.

मग खुर्ची शोधत दोन पावलं गेला
आणि पडला.
फरशी कोरडी होती.